गुरुजींच्या आठ्या: कपाळावरच्या वणाचं एक प्रकरण

समोर बसल्यावर गुरुजींनी पहिली तक्रार वणाची नाही, भूमिकांची केली. "डॉक्टर, सव्वा वर्षात तीन नाटकं केली. तिन्ही वेळा गुंड. त्यातल्या एकात तर तोंडाला एक वाक्य नाही, नुसतं दारात उभं राहायचं." मग त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले आणि भुवया उचलून दाखवल्या. स्थिर असताना वण वाईट होताच, पण भुवया उचलल्या की तो मधोमध मोडल्यासारखा दुमडायचा आणि त्यात सावली साचायची. रंगमंचावरचा दिवा वरून येतो, हे लक्षात घेतलं की दिग्दर्शकांनाही फार दोष देता येत नाही.

मी सांगलीत प्लॅस्टिक सर्जरी करतो. हे प्रकरण गुरुजींच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय ३४, तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, घरची हळद आणि थोडी द्राक्षं, आणि हौशी रंगभूमीचं वेड. हे वेड आमच्याकडे जुनं आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच नाटक उभं केलं, तेव्हापासून सांगलीत दर दहा माणसांत एक नट निघतो, असं आम्ही म्हणतो. उरलेले नऊ समीक्षक.

वण झाला कसा

नोव्हेंबर महिना, कारखान्यांचं गाळप सुरू झालेलं, संध्याकाळी सातची वेळ. पुढे उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना चमकपट्टी. गुरुजींची मोटरसायकल मागून धडकली. हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं. ट्रॉलीच्या लोखंडी पट्टीने कपाळ तिरकं फाटलं: डाव्या भुवईच्या आतल्या टोकापासून उजवीकडे केसांच्या रेषेकडे.

पहिले टाके कुठे पडले, ते महत्त्वाचं नाही. रात्रीची वेळ, रक्त थांबत नाही, डोक्याला आतून मार आहे का ही धास्ती. अशा वेळी कुणीही आधी जखम बंद करील, मीही केली असती. पण टाके जाड दोऱ्याचे होते, फक्त कातडीतून घेतलेले, आणि मध्ये दिवाळीची सुट्टी आल्यामुळे ते तेराव्या दिवशी निघाले. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी निघायला हवेत. जास्त राहिले की दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके उमटतात आणि वण रेल्वेच्या रुळांसारखा दिसू लागतो.

टाके निघाल्यावर घरी हळद भरली गेली. सांगलीत राहून हळदीला नावं ठेवणं म्हणजे पंढरपुरात राहून बुक्क्याला नावं ठेवण्यासारखं आहे, तरी सांगतो: स्वयंपाकाची हळद निर्जंतुक नसते, आणि जखम पुरती मिटली नसेल तर ती पूड आत अडकून बसते. गुरुजींच्या बाबतीत तिने काही बिघडवलं असं मी म्हणणार नाही. काही घडवलंही नाही.

माझ्याकडे ते चौदा महिन्यांनी, जानेवारीत आले. वणाची लांबी साडेसहा सेंटिमीटर, रुंदी बहुतेक ठिकाणी पाच मिलिमीटर, मध्यावर सहा. उठलेला नव्हता, खाली बसलेला, पातळ, चकचकीत होता. वणाच्या वरच्या बाजूला थोडी बधिरता होती. छाती, खांदे, कानाच्या पाळ्या तपासल्या, कुठे गाठाळ वाढलेला जुना वण नव्हता. हे पाहणं फार गरजेचं असतं. ज्याच्या अंगावर असे गाठाळ वण, म्हणजे किलॉइड, येतात त्याचा वण कापून नवा करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. स्वतःच्या वणाला दहापैकी किती गुण द्याल, असं विचारलं तर गुरुजी म्हणाले, "तीन. तेही ग्रेस धरून."

कपाळ हे वणासाठी वाईट घर का

जखम भरते म्हणजे नुसती चिकटत नाही. पहिले काही दिवस सूज आणि साफसफाई, मग तीन-चार आठवडे नव्या धाग्यांचं घाईघाईने विणकाम, आणि पुढे वर्षभर त्या धाग्यांची फेरमांडणी. तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम वीस-तीस टक्के ताकद असते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास जाते आणि तिथेच थांबते. या मधल्या काळात जखमेच्या कडा सतत ओढल्या गेल्या, तर शरीर ती फट आणखी कोलॅजन, म्हणजे तेच धागे, ओतून भरतं. वण रुंद होतो.

आता कपाळाचा विचार करा. माणूस दिवसभरात किती वेळा भुवया उचलतो, किती वेळा आठ्या घालतो, हे त्यालाही माहीत नसतं. भुवया वर नेणारा स्नायू उभा ओढतो, भुवया जवळ आणणारे स्नायू आडवे ओढतात. आडव्या आठ्यांच्या रेषेत पडलेला वण बऱ्यापैकी लपून जातो. गुरुजींचा वण तिरका, म्हणजे दोन्ही ओढींच्या तावडीत. त्यात गुरुजींचा धंदा शिकवण्याचा. भुवई उडवली की चौथीचा वर्ग गप्प, अशी त्यांची ख्याती. आणि संध्याकाळी तालमी.

हात मोडला तर प्लॅस्टर घालता येतं. चेहऱ्याला प्लॅस्टर घालता येत नाही. बोट्युलिनम टॉक्सिन, ज्याला सगळे बोटॉक्स या एका ब्रँडच्या नावाने ओळखतात, ते इथे कामाला येतं. नसेच्या टोकाकडून स्नायूकडे जाणारा ॲसिटिलकोलिन या रसायनाचा निरोप ते अडवतं. परिणाम दोन-चार दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि साधारण तीन ते चार महिन्यांनी ओसरतो. जखमेला जेवढी उसंत हवी, जवळपास तेवढीच. हा योग जुळून आलेला आहे, कुणी आखलेला नाही.

हे मी असं सगळं सांगत होतो तेव्हा गुरुजींनी मला मध्येच थांबवलं. त्यांचे मामा मिरजेत सतारी आणि तानपुरे बनवणाऱ्यांच्या कारखान्यात होते. "म्हणजे भोपळ्याला दांडी जोडली की सरस वाळेपर्यंत तारा चढवायच्या नाहीत, तसंच ना?" मी गेली कित्येक वर्षं प्लॅस्टरचं उदाहरण देत आलो होतो. त्या दिवसापासून मिरजेकडचा पेशंट असला की तानपुऱ्याचं देतो.

"म्हंजी इख टोचनार तुमी?"

दुसऱ्या भेटीला वडील सोबत आले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणालो. अण्णांचं म्हणणं सरळ होतं. "डॉक्टर, लगीन झालंय, दोन लेकरं हाईत. बाप्या माणसाच्या कपाळाला वण असला म्हणून काय बिघडतंय? आता कुणाला दावायचं हाय थोबाड?" मुलगी घेऊन आलेला एकही बाप मला असं म्हणालेला नाही. पुरुषाच्या चेहऱ्यावरच्या वणाचा त्रास आपल्याकडे त्रासात धरतच नाहीत.

औषधाचं नाव ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी इख टोचनार तुमी?"

हो, इखच. लपवण्यात अर्थ नसतो. १८२० च्या दशकात जर्मनीत युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने खराब सॉसेज खाऊन अंग लुळं पडलेल्या माणसांचा अभ्यास केला. सॉसेजला लॅटिनमध्ये बोटुलुस म्हणतात, त्यावरून बोट्युलिनम हे नाव पडलं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात खारवलेल्या मांसातून विषबाधा झाली, त्या तपासात फान एर्मेन्गेम यांना हे विष बनवणारा जंतू सापडला. पुढे अमेरिकेत ॲलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांवर त्या विषाचा अत्यंत सूक्ष्म मात्रेत उपयोग केला आणि १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी तिथे मंजुरी मिळाली. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मंजुरी २००२ ची. अण्णांना मी एवढंच म्हणालो की द्राक्षावर तुम्ही फवारता ते औषधही इखच, सगळा हिशोब मात्रेचा. ते हसले. पण त्यांचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता: "आणि ह्यो वण जातोच, ह्याची ग्यारंटी?"

गॅरंटी नाही. पुरावा काय आहे ते सांगितलं. २००० साली माकडांच्या कपाळावर जखमा करून हा प्रयोग झाला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या नियतकालिकात ३१ पेशंटचा अभ्यास आला. कपाळावरची जखम शिवल्यावर चोवीस तासांच्या आत काहींना टॉक्सिन, काहींना नुसतं सलाइन टोचलं. कुणाला काय दिलंय हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी सहा महिन्यांनी फोटो पाहून गुण दिले: दहापैकी टॉक्सिनवाल्यांचा मध्यक ८.९, दुसऱ्यांचा ७.२. त्यानंतर तैवानमध्ये दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेत, कोरियात थायरॉइडच्या वणांवर असे अभ्यास झाले, बहुतेकांचा कौल टॉक्सिनच्या बाजूने. मात्र सगळे लहान. आणि त्या ७.२ कडे नीट पाहा. टॉक्सिन न देता नुसतं नीट शिवलं तरी सात गुण मिळतात. गुरुजींच्या तीनचे सात करणं हे सुरी आणि सुईदोऱ्याचं काम, सातचे साडेआठ करणं हे टॉक्सिनचं. पेशंटला हा फरक कळला नाही तर तो इंजेक्शनवरच सगळा भरवसा ठेवतो. "कापाकापी नको, नुसतं बोटॉक्स द्या" म्हणणारे महिन्याला दोघे-तिघे येतात. चौदा महिन्यांच्या पिकलेल्या, रुंद वणात नुसतं टॉक्सिन देऊन तो अरुंद होत नाही. ताण जखम ताजी असताना काढायचा.

वणासाठी हा वापर औषधाच्या मंजूर उपयोगांत बसत नाही. डॉक्टरच्या जबाबदारीवर होतो. संमतीपत्रात ते मराठीत, ठळक लिहिलं. विमा यातलं काही देत नाही. औषधाचा खर्च त्या वर्षीच्या भावाने दोन पोती हळदीच्या आसपास गेला. अण्णांनी तो हिशोब खिशातल्या वहीत लिहून घेतला आणि मग "करा" म्हणाले.

चैत्रातली जत्रा

खरी अडचण पैशाची निघाली नाही. गावच्या जत्रेत दर चैत्रात नाटक होतं आणि यंदा मंडळाने गुरुजींना कर्जात बुडालेल्या बापाची भूमिका दिली होती. दीड वर्षात पहिली, जिच्यात ते गुंड नव्हते. आणि मी त्यांना सांगत होतो की त्या बापाला आठ्या पडणार नाहीत.

ते म्हणाले, जत्रा होऊ दे, मे महिन्यात करू, शाळेलाही सुट्टी. वरकरणी बरोबर वाटणारा बेत. पण मे महिन्यातला उन्हाळा नव्या वणाला वाईट, घाम आणि ऊन दोन्ही. आपल्या रंगाच्या कातडीवर नवा वण उन्हाने पटकन काळा पडतो आणि त्या काळेपणावर टॉक्सिन काही करत नाही. शिवाय मेमध्ये टोचलं तर असर सप्टेंबरपर्यंत, म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींवर. फेब्रुवारीत केलं तर जूनपर्यंत कपाळ मोकळं. मी हे सगळं कॅलेंडरवर खुणा करून दाखवलं आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं ते मे घेतील. माझी मनातून तयारीही होती, कारण भूमिका हा पेशंटचा प्रश्न, माझा नाही. चार दिवसांनी फोन आला. "फेब्रुवारी करू. कपाळ नसलं तर मान आहे, हात आहेत. आमचे दिग्दर्शक म्हणतात, तुम्ही भुवईवर जरा जास्तच जगता."

तपासणीत तीन गोष्टी विचारल्या. स्नायूंचा मायस्थेनियासारखा आजार आहे का: नाही. रक्त पातळ करणारं औषध: नाही. तंबाखू: इथे गुरुजी वडिलांकडे बघून गप्प बसले. तंबाखूने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कडा नीट जुळत नाहीत. शस्त्रक्रियेआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे बंद, ही अट घातली. पाळली, असं त्यांच्या पत्नीने सांगितलं. गुरुजींच्या शब्दापेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवला.

टोचणं आणि शिवणं

टॉक्सिन कधी द्यायचं यावर एकमत नाही. कुणी शिवताना देतं, कुणी नंतरच्या दोन-तीन दिवसांत. मी आठवडाभर आधी दिलं. कारण साधं: असर चढायला दिवस लागतात आणि मला टाके घालतानाच कपाळ शांत हवं होतं. दुसरं कारण भुलेचं. भुलेचं औषध आणि सूज यांनी भरलेल्या कपाळात टोचलं तर ते कुठे पसरेल याचा अंदाज बिघडतो.

पन्नास युनिटची कुपी सव्वा मिलिलिटर सलाइनमध्ये विरघळवली, म्हणजे ०.१ मिलिलिटरमध्ये चार युनिट. भुवयांमधल्या स्नायूंत पाच ठिकाणी प्रत्येकी चार, कपाळाच्या स्नायूत सहा ठिकाणी प्रत्येकी दोन, एकूण ३२. हे युनिट या एकाच ब्रँडचे. दुसऱ्या कंपनीच्या औषधात आकडा वेगळा असतो, दोन्हींची सरळ अदलाबदल करता येत नाही. कपाळातले टोचे भुवईपासून दोन सेंटिमीटर वर ठेवले. खाली आलं तर भुवई किंवा पापणी लोंबते, आणि लोंबलेली पापणी घेऊन वर्गात उभं राहणं वणापेक्षा वाईट.

आठव्या दिवशी शस्त्रक्रिया. जागा बधिर करून जुना वण पूर्ण काढला. टाक्यांच्या जुन्या खुणा सगळ्या काढता आल्या नाहीत, त्यासाठी बरीच चांगली कातडी गेली असती. तिरकी रेषा सरळ न शिवता मधे दोन ठिकाणी मोडली, म्हणजे तिचे काही तुकडे कपाळाच्या आडव्या आठ्यांत जाऊन बसतील. कडा खालून सोडवल्या, ताण आतल्या थरातल्या विरघळणाऱ्या टाक्यांवर घेतला. कातडीचा दोरा केसाहून थोडा जाड, तो फक्त कडा टेकवण्यापुरता. सव्वा तास लागला. वरचे टाके पाचव्या दिवशी काढले, मग आठ आठवडे कागदी पट्टी, तिसऱ्या आठवड्यापासून सिलिकॉन जेल आणि कपाळावर ओढून घेतलेली गांधी टोपी. सनस्क्रीनही दिलं होतं. टोपी जास्त नियमाने वापरली गेली.

जे ठरलं नव्हतं

टोचल्याच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुजींनी स्वतःचा फोटो पाठवला. उजव्या भुवईचं बाहेरचं टोक कमानीसारखं वर उडालेलं. "हे नारदासारखं का झालंय?" कारण मला बघताच कळलं. कपाळाचा मधला भाग मी झोपवला होता, उजव्या बाजूची कड जागी राहिली होती, आणि ती एकटी सगळं कपाळ उचलायला बघत होती. ही माझी चूक; पुरुषाचं कपाळ रुंद असतं, टोचे आणखी बाहेर न्यायला हवे होते. उजवीकडे दोन युनिट आणखी दिले, आठवड्यात नारद गेला.

दुसरा प्रसंग तिसऱ्या आठवड्यातला. लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप आला, गावातल्या डॉक्टरांनी ॲमिकासिनचं इंजेक्शन भरायला घेतलं. या गटातली औषधं नस आणि स्नायू यांच्यातला निरोप स्वतःही थोडा अडवतात आणि टॉक्सिनचा असर वाढवू शकतात. मी दिलेलं छोटं कार्ड गुरुजींनी पाकिटातून काढून दाखवलं, त्या डॉक्टरांनी मला फोन केला आणि दुसरं औषध दिलं. कपाळातल्या एवढ्याशा मात्रेने मोठा अनर्थ झाला असता असं नाही. तरी तेव्हापासून प्रत्येकाला कार्ड देतो.

तिसरी गोष्ट वर्गातली. भुवई उडेना, त्यामुळे मुलांना गुरुजी कधी रागावलेत तेच कळेना. "पहिल्या आठवड्यात वर्ग हाताबाहेर गेला होता. मग आवाज खाली आणून बोलायला लागलो. आता जास्त घाबरतात."

जत्रेतलं नाटक मी पाहायला गेलो नव्हतो. पत्नीने मोबाईलवर घेतलेलं चित्रीकरण नंतर दाखवलं. सावकाराच्या दारातून परत येणारा बाप ओसरीवर बसतो, पायातली चप्पल काढतो आणि तळवा चोळत राहतो. कपाळ कोरं. मला ते बरं वाटलं की वाईट, हे ठरवता आलं नाही. मी डॉक्टर आहे, वणाकडेच बघत होतो. गावातल्या एका म्हाताऱ्याने मात्र पडदा पडल्यावर त्यांना गाठून सांगितलं, "गुरुजी, यंदा लई शांत वाटलासा."

मोजमाप

सहा आठवड्यांनी वण गुलाबी, सपाट, बोटाला जरा कडक. तीन महिन्यांनी रुंदी एक मिलिमीटरच्या आत. साडेतीन महिन्यांनंतर भुवया हलू लागल्या, पाचव्या महिन्यात पूर्ण. याच टप्प्याची मला धास्ती होती. उसंत संपल्यावर वण पुन्हा पसरतो का? थोडा पसरला. सहाव्या महिन्यात बहुतेक ठिकाणी एक ते दीड मिलिमीटर, डाव्या भुवईजवळ, जिथे ओढ सगळ्यात जास्त, तिथे दोन. त्यानंतर वाढला नाही. भुवया उचलल्या की दुमडणारी ती सावली गेली. बधिरता होती तेवढीच राहिली. गुरुजींनी आठ गुण दिले, पत्नीने नऊ. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "मला आधीबी दिसत नव्हता."

मग टॉक्सिनने किती काम केलं? पहिली जखम आणि दुसरी जखम एकाच माणसाच्या एकाच जागेवर, हे ऐकायला तुलनेसारखं वाटतं. पण पहिली फाटलेली, दुसरी कापलेली. पहिल्या वेळी जाड दोरा आणि तेरावा दिवस, दुसऱ्या वेळी बारीक दोरा आणि पाचवा. पहिल्या वेळी तंबाखू आणि हळद, दुसऱ्या वेळी पट्टी आणि टोपी. यातून टॉक्सिनचा वाटा वेगळा काढता येत नाही. अर्ध्याच वणाच्या बाजूला टोचून उरलेला अर्धा तसाच ठेवला असता तर काही कळलं असतं. असे अभ्यास झालेलेही आहेत. मी ते केलं नाही. अर्धं कपाळ हलणारा नट जत्रेत उभा करण्याचं धाडस माझ्यात नव्हतं.

माझा स्वतःचा कल आता असा आहे: कपाळ, भुवयांमधली जागा आणि वरचा ओठ, या सतत हलणाऱ्या जागी, वण आठ्यांच्या रेषा ओलांडत असेल तर मी टॉक्सिन सुचवतो. गालाच्या बाजूला किंवा जबड्याखाली सुचवत नाही. तिथे स्नायू झोपवल्याने मिळतं कमी आणि हसू वाकडं होण्याची भीती जास्त. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला देत नाही. आणि पैशाची ओढाताण असेल तर इंजेक्शन सोडून द्या म्हणतो, बारीक टाके आणि वेळेवर काढणं यांत तडजोड करत नाही.

नवव्या महिन्यात गुरुजी शेवटच्या तपासणीला आले, सोबत पत्नी. डाव्या भुवईजवळच्या त्या दोन मिलिमीटरवर बोट ठेवून तिने विचारलं, "इथं परत एक इंजेक्शन दिलं तर?" आता त्याचा उपयोग नाही, फार तर लेझरचा विचार करता येईल, असं मी सांगणार होतो. त्याआधीच गुरुजी आरशात बघून भुवया दोनदा वर-खाली करत म्हणाले, "नको. स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्यात. भुवई लागते."